हिरव्या गाऊनचं पायपुसणं

पायपुसणं पुरं व्हायला जेमतेम दोन वेढे उरले होते, आणि मुंगी शाळेतून आली ती दारातच थबकली. एका पायातला बूट काढलेला, दुसऱ्यातला तसाच.

मुंगी म्हणजे शिवणारीच्या नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलगी, अकरा वर्षांची. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ही नवी बायको, कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करणारी, घरात येऊन पाच महिने. अजून दोघींचं सूत जमलं नव्हतं. मुंगीला काही हवं असलं की ती बापाला सांगायची.

आज मात्र तिने थेट विचारलं, "हे मधलं हिरवं कुठून आणलं?"

शिवणारीच्या हातातलं दाभण थांबलं. माळ्यावरच्या गाठोड्यातून, असं तिने सांगितलं. जुने पडदे, फाटके शर्ट, एक विटका गाऊन. सगळ्या चिंध्याच आहेत, खुशाल काप, असं नवराच म्हणाला होता. मग तिने दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या, तीन-तीन पट्ट्यांची वेणी घातली आणि ती वेणी गोल गुंडाळत बारा दिवस दुकानातल्या फावल्या वेळात शिवत नेली; घरी आणली ती आजच. सुरुवात गाऊनपासून केली, कारण त्याचं कापड सगळ्यात मऊ होतं.

"तो आईचा आहे," मुंगी म्हणाली. "त्याला पाय पुसणार?"

आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तसलाच दुसरा असेल गं, हे शब्द शिवणारीच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

तेवढ्यात नवरा आतून आला. तो बस चालवायचा, कामावर निघायच्या घाईत होता. काय झालं ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला आणि मग त्याने सारवासारव सुरू केली: आपल्याला तो ओळखूच आला नाही, आता एवढं झालंय तर भिंतीवर लावू. मुंगीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो घुटमळला आणि निघून गेला.

शिवणारीने कात्री उचलली तशी मुंगी दचकली.

"उसवते," ती म्हणाली. "मधे जायला दुसरी वाट नाही."

मुंगी समोर खुर्चीवर बसली, एक बूट तसाच पायात. नजर कात्रीच्या टोकावर. टाके घट्ट होते; तशा टाक्यांबद्दल दुकानात तिची वाहवा व्हायची, आज तेच नडत होते. तास गेला, दुसरा गेला. बोटं सोलवटली. हिरवं दिसायला लागलं तेव्हा घाईत पातं घसरलं आणि मुंगीने झटकन तिचं मनगट धरलं.

"हळू."

मग तिने वेणीचं टोक स्वतःच ताणून धरलं. एकीने टाका कापायचा, दुसरीने पट्टी ओढायची. एकोणीस पट्ट्या निघाल्या.

"परत गाऊन होईल?"

"नाही होणार. प्रत्येक जोडाला कापड जातं. उशीचा अभ्रा होईल फार तर."

मुंगीने एक पट्टी बोटाभोवती गुंडाळली. "पट्ट्याच राहू देत," असं म्हणून तिने त्यांचा गुंडा केला आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. शिवणारी जमिनीवर पसरलेल्या चिंध्यांत तशीच बसून राहिली. कडी लागल्याचा आवाज येईल म्हणून तिने कान टवकारले होते. तो आला नाही.

थोड्या वेळाने दार उघडलं. मुंगीच्या हातात बापाचा आवडता, इस्त्री केलेला चौकड्यांचा शर्ट होता.

"मध्यभागी हा लावा," ती म्हणाली.

"अगं, ते हा शर्ट अजून घालतात."

"ओळखणार नाहीत ते," मुंगी म्हणाली, आणि खाली वाकून दुसरा बूट काढू लागली.