हिरव्या साडीतली बाई

शहाडला पोपटच्या दुकानात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींच्या सीडी करून मिळत. ते काम नीलाचं. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर ती आज्ञा टाइप करायची: फाइलचं नाव, मग डॅश देऊन एकेक पर्याय, कुठून सुरू, कुठे थांब, आवाज किती स्वच्छ. चित्राची फाइल वेगळी बनायची, आवाजाची वेगळी, शेवटी दोन्ही जोडायच्या. नवऱ्याने, चांगदेवने, टाकल्यावर आंबिवलीला आईकडे राहून तिने हे शिकून घेतलं होतं.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात एक तरुण बाई कॅसेट घेऊन आली. पोपटने पावतीसाठी नाव विचारलं. "रंभा चांगदेव गांगुर्डे," ती म्हणाली. "नणंदेच्या लग्नाची आहे. एक बाई तेवढी काढून टाकायची."

पोपटने कॅसेट लावली. कोपरीचा मांडव दिसला, नवरी दिसली, आणि तिच्या मागे हिरव्या साडीत नीला.

"हीच. आमच्या ह्यांची पहिली. पाहुण्यांसमोर लावायची म्हटलं की लाज वाटते हो."

नीलाने तिच्याकडे पाहिलं. त्या लग्नानंतरच्या आठ वर्षांत नीलाचं अंग झडलं होतं, चष्मा लागला होता. रंभाने ओळखलं नाही.

नाही म्हणावं, असं नीलाच्या मनात आलं. पण मग का ते सांगावं लागलं असतं, तेही पोपटसमोर. ती स्वतःला शोधत टेप पुढे नेऊ लागली. एका जागी चांगदेव गर्दीतून वाट काढत तिच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन येत होता. ते तिने मागे नेऊन पुन्हा पाहिलं, आणि मग वगळलं.

पुढे टेपमध्ये ती माइकसमोर लग्न लागताना म्हणतात ती मंगल गाथा म्हणत होती.

"इथे कापलं तर गाणं तुटेल," पोपट म्हणाला.

रंभा जरा वेळ ऐकत राहिली. "आवाज गोड आहे. तो राहू दे की. बाई नको फक्त. कोण गातंय, कुणाला कळणार आहे?"

"कुणाला नाही कळणार," नीला म्हणाली.

तिने आवाज अखंड ठेवला आणि त्यावर पाहुण्यांच्या पंगतीचं चित्र जोडलं. सीडी पाहून रंभा खूश झाली. जाताना म्हणाली, "ताई, हात चांगला आहे तुमचा."

पोपटलाही काम आवडलं. गिऱ्हाइकांना नमुना म्हणून त्याने एक प्रत काउंटरवरच्या टीव्हीला लावून ठेवली. दिवसभर पंगती उठत, बसत, आणि वरून नीलाचा आवाज येई.

"दुसरं काहीतरी लावा ना," ती एकदा म्हणाली.

"का गं? लोक थांबून ऐकतात. तुला काय त्रास होतो?"

"काही नाही," असं म्हणून तिने पुढच्या फाइलचं नाव टाइप केलं.