मयताचं कर्ज

थकलेली कर्जं वसूल करणाऱ्या त्या ऑफिसात बाकीचे फोनवर आवाज चढवायचे. ताई मात्र कधी कुणाला अरे-तुरे करत नसे. समोरचा रडकुंडीला आला की तिलाही रडू यायचं, आणि पैसे तिच्याकडेच जास्त जमायचे. साहेब तिला 'आमची दुभती गाय' म्हणायचे. ती हसण्यावारी न्यायची. तिचा नवरा जाऊन फार काळ झाला नव्हता. रडू तिला शोधावं लागत नसे.

एका सुताराचं खातं तिच्याकडे आलं. सुतार वारला होता. कर्जावर त्याच्या एकट्याची सही, जामीन कुणी नाही, तारणही नाही, आणि दुकानातलं सगळं आधीपासून बायकोच्या नावावर. त्याच्या बायकोकडे कायद्याने छदामही मागता येत नव्हता. साहेब म्हणाले, मागायचं नाहीच. नुसती विचारपूस करायची.

ताईने फोन लावला. आजारपण, दवाखाना, शेवटचे दिवस, सगळं विचारलं. दोघी रडल्या. मग ताई म्हणाली, "अंथरूण धरेपर्यंत तुमच्या यजमानांनी एक हप्ता चुकवला नाही हो. अशा माणसाच्या नावाला डाग राहू नये, एवढंच वाटतं."

बाईने किती पैसे राहिलेत ते विचारलं.

आधी करवतीचं मशीन गेलं. मग रंधे, पटाशा, उरलंसुरलं सागवान. मग मुलीचं कॉलेज सुटलं. काही विकलं की बाई आपणहून फोन करायची, कारण घरात रडायची सोय नव्हती. ताई ऐकून घ्यायची, धीर द्यायची.

सगळं फिटल्यावर बाई ऑफिसात आली. खुर्चीच्या टोकाशी बसली आणि म्हणाली, "माझा दीर म्हणतो, हे पैसे मी द्यायलाच नको होते. खरं का?"

काचेपलीकडून साहेब बघत होते.

"खरं आहे," ताई म्हणाली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि रडलात ते?"

"ते मनापासून होतं. माझेही गेलेत."

बाईने शिव्या घातल्या नाहीत. ती म्हणाली, "नाटक असतं तर एकवेळ चाललं असतं." मग तिने कर्ज फिटल्याचा दाखला मागितला, नवऱ्याचं नाव नीट लिहिलंय का ते दोनदा वाचलं, आणि जिना उतरून गेली.

ताईने साहेबांकडे पैसे परत करायचा विषय काढला. ते म्हणाले, बाईंनी राजीखुशीने भरलेत, परत कसले करायचे? वर तिची पगारवाढ मंजूर झाल्याचंही सांगितलं.

त्या रात्री ताईने राजीनामा लिहायला घेतला. मग सासूच्या औषधांचा आणि घरभाड्याचा हिशेब मनात मांडला, कागद फाडला आणि सकाळी वेळेवर कामावर गेली.