न कोरलेला क्रूस

एल्सला धड शोकसुद्धा करता येत नव्हता. नवरा गेल्यावर बाईनं ऊर बडवावा, कोण नको म्हणतंय? पण ही बया भर रानात, गावादेखत, चुलतसासऱ्याच्या हाताला लोंबकळली. आठवलं की तिच्या सासूच्या, लीसोच्या, अंगाची अजून लाहीलाही व्हायची.

लाकूडतोडीत झाड अंगावर पडून याकप गेला. लीसोचा एकुलता एक. त्याची शवपेटी घेऊन घोड्याची बर्फगाडी दफनभूमीकडं निघाली आणि सगळ्यांच्या थांबतात तशी पाइनच्या रानापाशी थांबली. जवळच्या पुरुषानं तिथं खोडावर क्रूस कोरायचा. मग मेलेला घराकडं परत निघाला तरी क्रूसापाशी अडतो, त्या झाडातच राहतो. याकपच्या चुलत्यानं, हिंद्रिककाकानं, साल तासायला घेतली आणि एल्सनं त्याचा हात धरला.

"त्याची वाट अडवू नका हो काका! घर त्याचंच आहे ना?"

म्हातारा बिचकला. घोडा थंडीनं पाय आपटत होता. गाडी तशीच पुढं गेली.

आणि याकप आला. त्याची तीन वर्षांची लेक लेनू सांगायची, बाबा घरातल्या भट्टीजवळच्या बाकावर बसलाय. एल्स हरखून बाकावर जवाच्या लापशीचा वाडगा ठेवायची. लापशी तशीच राहायची. लेनूही जेवेनाशी झाली. पोरीचे हात पेटत्या भट्टीशेजारीही गार लागायचे.

लीसो उठली ती थेट हिंद्रिककडं गेली. "भावोजी, चला. आता तरी कोरा."

"वहिनी, आता कोरून काय उपयोग? तो आलाय की घरात. आता कोरला तर अलीकडंच अडकेल. कबरीकडं परत जायची वाटही बंद होईल त्याची."

"मग काय करू?"

हिंद्रिकनं तिच्यासमोर भाकरी ठेवली. ती तिनं खाल्ली नाही.

घरी आली तेव्हा लेनू आईच्या मांडीवर होती, कागदासारखी पांढरी. रिकाम्या बाकाकडं बघून खुदकन हसत होती, हात पुढं करत होती.

"बघा ना सासूबाई," एल्स म्हणाली, "कशी खेळवतोय तिला! तुम्ही उगाच भीत होता."

लीसोनं बाकाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि तो दिसला असता, तर तीही वाडगा भरून घेऊन आली असती. तिनं पोरीचे पाय शालीखाली घेतले, चोळले. ऊब येईना.

"एल्स," ती म्हणाली, "तुला मी वाईट म्हणणार नाही. बिनडोक आहेस. याकप आपल्यासाठी राहायला आला नाही गं, त्याला एकट्याला करमत नाही. आणि तिला नेऊ नको म्हणायचं तोंड तू ठेवलं नाहीस, ना तुला, ना मला. पोरीचा पांढरा झगा धुऊन ठेव, लागेल."