यर्टचा कमरपट्टा

आमचा मेव्हणा धंद्याने गादीवाला. जमिनीवर झोपणं ही त्याच्या मते शिक्षा, आणि चाळीस वर्षं लोकांना तळ्याकाठच्या कुरणावर नेऊन राहुट्यांत झोपवणारा मी म्हणजे तुरुंगाधिकारी. हे तो माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर बोलला. तेव्हापासून अकरा वर्षं आमचं बोलणं बंद. जे काही सांगायचं ते हिच्यामार्फत. ही म्हणजे माझी बायको, त्याची थोरली बहीण. आम्ही दोघं हाताच्या अंतरावर उभे असलो तरी निरोप तिच्याकडून वळसा घेऊन जायचा. तिला दोघांच्याही शिव्या तोंडपाठ झाल्या होत्या; कधी कधी आम्ही तोंड उघडायच्या आधीच ती पोचवून मोकळी व्हायची.

अकराव्या वर्षी त्यानं माझ्या राहुट्यांच्या नाकासमोर यर्ट उभारलं. यर्ट म्हणजे गोल तंबू. लाकडी पट्ट्यांची जाळीदार भिंत, तिच्यावर छत्रीच्या काड्यांसारखे वासे, वासे जिथे मिळतात तिथे गाडीच्या चाकाएवढं कडं, आणि वरून बोटभर जाड लोकरीचा नमदा. आत पलंग, गालिचा, शेगडी आणि पितळी पायांचा आंघोळीचा टब. याला ग्लॅम्पिंग म्हणतात म्हणे. रानात जायचं, पण रानाला कळू द्यायचं नाही. उशा इतक्या मऊ की एका गिऱ्हाइकानं डोकं टेकवलं आणि ते खांद्यापर्यंत आत गेलं; दोघांनी घोटे धरून ओढून काढलं, तर आतून “अजून पाच मिनिटं” असा आवाज. गादीत हरवलेला चष्मा शोधायला उतरलेला नोकर दुसऱ्या दिवशी जेवायलाच वर आला. मी वाढवून सांगतोय असं वाटेल, पण गादीच्या बाबतीत मी हात आखडूनच सांगतोय.

कुरण होतं मोठ्या बाईंचं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नोकरी संपली तरी आवाजातली छडी गेली नव्हती. त्यांनी आम्हाला फाटकापाशी उभं केलं.

“या मोसमापासून कुरण एकालाच मिळेल. तुमच्या धुसफुशीनं माझ्या गाई आटायला लागल्यात. रविवारी मी तासभर यांच्या गोल खोलीत बसेन आणि तासभर तुमच्या राहुटीत. मग ठरवीन.”

मला दुसरी जागा नव्हती. गुडघ्यांनी डोंगर कधीच सोडला होता. कुरण गेलं की राहुट्या माळ्यावर आणि मी त्यांच्या शेजारी, एवढं सरळ होतं ते.

बाईंना पलंगावरून तळं दिसावं म्हणून मेव्हण्यानं शनिवारी यर्ट उतरवून काठाशी नेलं. उभं करताना त्याची अडचण झाली. यर्टची सगळी मदार कमरेभोवती आवळलेल्या दोरावर असते. वासे भिंतीला बाहेर रेटतात, दोर तिला आत धरून ठेवतो. त्याची माणसं गाद्या शिवणारी. त्यांना सुई ओढता येते, दोर नाही.

“ताई, दाजींना सांग, दोर तेवढा आवळून द्या. नाहीतरी त्यांना दुसरं काय येतं?”

“त्याला सांग, दोराला मनगट लागतं. उशा थोपटून येत नाही ते.”

“दोघांनाही सांगितलं,” ही म्हणाली. “आता उरका. शेगडीवर दूध आहे माझं.”

नाही म्हणालो असतो तर रविवारला घाबरलो असं झालं असतं. म्हणून तीन फेरे घेऊन मी दोर असा आवळला की यर्टला ठसका लागला. मग गाठ मारली. राहुटी रोज सकाळी उतरवायची, म्हणून आमच्या धंद्यात सुरगाठ मारतात. टोक लांब सोडायचं, एका हिसक्यात मोकळं. यर्टला हवी होती निरगाठ. हे मला सुचलं नाही, आणि हातांनी मला विचारलं नाही.

रविवारी बाई आल्या, टबाला काठी लावून पाहिली, आणि पलंगावर बसल्या. मी न् ही दाराबाहेर उभे. मेव्हणा यर्टभोवती शेवटची नजर फिरवत होता. गादीवाल्याचा डोळा तो! शिवणीतून धागा लोंबताना दिसला की त्याचा हात आपसूक जातो.

“हे काय लोंबतंय?” तो हिला म्हणाला. “दाजींचं काम म्हणजे गबाळं ते गबाळंच.” आणि त्यानं टोक धरलं.

माझ्या तोंडून अकरा वर्षांची सवय बाहेर पडली. “अगं, त्याला सांग, ओढू नकोस म्हणावं!”

ही त्याच्याकडे वळली. “अरे, हे म्हणतायत की—”

तोवर त्यानं ओढलं होतं.

भरपेट जेवून पट्टा सैल करणाऱ्या माणसासारखा यर्टनं एक लांब सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यानं तळ्यातली बदकं उडाली ती शेजारच्या तालुक्यात उतरली. भिंत रुंदावत गेली, तशी बुटकी होत गेली. दाराची चौकट करकरत आडवी झाली, वासे पसरले, आणि माथ्यावरचं कडं सावकाश खाली आलं. बाई गडबडीनं पलंगावर उभ्या राहिल्या होत्या. कडं बरोबर त्यांच्या कमरेशी येऊन थांबलं. अख्ख्या कुरणभर नमद्याचा घेरदार परकर नेसून त्या मधोमध उभ्या.

“अरे मूर्खा, गाठ ओढतात का?” मी ओरडलो.

“तुम्ही मुद्दाम तशी मारलीत! बाईंच्या जिवावर उठलात, दाजी!”

“मुद्दाम मारली असती तर आत तुला बसवला असता!”

अकरा वर्षांनी आम्ही थेट बोललो ते हे. ही गवतावर बसली आणि तिनं पाय लांब केले. “आता माझं काम नाही,” म्हणाली.

“गप्प बसा!” बाई कड्यातून गरजल्या. “गाठ कुणी मारली?”

“मी.”

“ओढली कुणी?”

मेव्हण्यानं बुटांकडे पाहिलं. “मी.”

“आणि मला लागलं का, हे कोण विचारणार?”

कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही दोघं एकदमच तोंड उघडायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“नाही लागलं. गेल्या वर्षी तुमच्या राहुटीत डोकावले, तर खांब टाळक्यात बसला. तीन टाके पडले होते. हे पडलं, पण अदबीनं पडलं. राहुटीतला तास राहू द्या. कुरण यांचं.”

“बाई, पडलेल्या घराला कुरण देताय?”

“पडलेल्या घरात मी धडधाकट उभी आहे. तुमच्या उभ्यात मी पडले होते.”

सगळं गाव म्हणतं, म्हाताऱ्यानं डाव टाकला आणि स्वतःच तोंडघशी पडला. मुद्दाम केलं असतं तर निदान ऐट तरी मिरवता आली असती.

मी आता कुरणालगतच्या ओढ्यापलीकडे असतो. जागा कुणाचीच नाही, कारण नुसते दगड आहेत. गिऱ्हाइकं येतात ती पाठ धरून परत जातात. पलीकडे मेव्हण्याची पाच यर्ट झालीत, सगळ्यांना निरगाठी. पहाटे मी मेखा ठोकायला घेतो. खडकात मेख शिरत नाही, पण आवाज सुरेख जातो.

काल तो झोपेच्या कपड्यांत ओढ्याकाठी आला. डोळे तांबारलेले.

“दाजी, अहो, लोक झोपलेत!”

“झोपू देत की,” मी म्हणालो, आणि दुसरी मेख घेतली.