अपभूची चिठ्ठी

"तिथंच उभी राहा," मी म्हटलं. "कुंकू बाहेर आणते."

विशालाक्षी उंबऱ्यापलीकडं थांबली. माझी एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांमागं कचेरीत सही करून परजातीतल्या मास्तराशी लग्न केलं तिनं. तेव्हापासून दर दसऱ्याला येते, उंबऱ्याबाहेर कुंकू लावून घेते आणि हिनकलची बस धरते. हिनकल! आमच्या लष्कर मोहल्ल्यापासून अर्धा तास नाही, आणि काशीहून आल्यासारखी वर्षातून एकदा तोंड दाखवते. मी बोलावत नाही, हे खरं. पण न बोलावता घुसायची धमक नको? माझ्याच पोटची ना?

यंदा तिच्या हातात पाट होता. पाटावर तारेचं लांबट कडं, आत लाखेची गोळी.

"शाळेतल्या मुलींनी केलंय, अम्मा. चंद्राची वाट. दसऱ्याच्या बाहुल्यांत मांड."

"ह्या बांगडीवर कोण बसलं होतं? आणि पृथ्वी मधोमध तरी ठेवायची. मास्तरीण म्हणे!"

"ती मधोमध नसतेच. म्हणून तर चंद्र कधी जवळ, कधी लांब."

कड्याच्या लांबच्या टोकाला चिठ्ठी होती. मी दुसरीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर जोडत वाचलं. अपभू.

"हा कुठला देव?"

"देव नाही. चंद्र पृथ्वीपासून सगळ्यात लांब असतो ती जागा. उपग्रहालाही हाच शब्द. सूर्यापासून लांब असेल तर अपसूर्य."

"लांब गेलेल्याचं एवढं कौतुक कशाला? गेला तर गेला. पुरे आता."

"जात नाही ना. तिथं सगळ्यात हळू चालतो. मग परत जवळ यायला लागतो."

"कोण ओढतं त्याला?"

"जी मधोमध नसते ती."

असलं बोलणं हिनं माझ्याकडूनच उचललंय. मी कुंकवाचं बोट तिच्या कपाळावर जरा जोरातच टेकवलं.

"अम्मा, यंदा तरी पट्टाची जोडी दे."

आत, दसऱ्यासाठी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांत, सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी. इकडं लग्नात आई मुलीला ही जोडी देते. मला माझ्या आईनं दिली. विशालासाठी ती मी दरवर्षी तेल लावून पुसत होते.

"साक्षीदार न्यायची आठवण झाली तुला, बाहुल्यांची नाही झाली?"

"तू दिली नसतीस."

"नसतीच दिली. आजही देत नाही."

तिनं पाट उंबऱ्यावर ठेवला आणि निघाली. मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी तिची चाल मंदावली. थांबली नाही, मंदावली.

दिवेलागणीला राजाला आडवं करायचं, म्हणजे दसरा उठला. शेजारची इंदिराबाई विचारायला आली, "निजवलं का हो, नर्मदाबाई?"

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

पाट आत घेतला, वरच्या पायरीवर ठेवला. राजाराणीला उचललं आणि दाराच्या आत, भिंतीशी उभं केलं. उंबऱ्याबाहेरून हात पोचणार नाही, एवढ्या अंतरावर.

न्यायची तर पाऊल आत टाकून न्यावी.