नाक्यावरचा आडवा दांडा

मित्रांनो, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तपासणी नाका होता, तिथला मी जुना लोखंडी दांडा. लोहाराने मला घडवलं, लाल-पांढरे पट्टे रंगवले आणि रस्त्यात आडवं बसवलं. वर डोंगरात बंडखोर, खाली सरकारी फौज. हे भांडण पहाऱ्यावरच्या शिपायांच्या जन्माआधीपासूनचं. पाहणीला येणारे साहेब माझी पाठ थोपटत, तेव्हा मला फार भारी वाटे.

एका सकाळी गावातला शिंपी गळ्यात मापाची टेप अडकवून आला. बंडखोरांचे कपडे शिवतोस, असं म्हणत शिपायांनी त्याला गाडीत कोंबून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण आली. तिला सारा गाव अक्का म्हणे. असा कुणी माणूस इथे आलाच नव्हता, असं तिला सांगण्यात आलं. अक्का रोज येऊन माझ्याजवळ बसू लागली. शिपाई तिला पाणी देत, उत्तर मात्र देत नसत.

अशी वर्षं गेली. मग तहाची बोलणी निघाली. नेलेली माणसं कुठे आहेत ते आधी सांगा, मगच बंदुका खाली ठेवू, असं बंडखोरांनी कळवलं. सरकारने चौकशी समिती नेमली. समितीच्या प्रमुख, एक निवृत्त न्यायाधीश बाई, थेट नाक्यावर आल्या आणि त्यांनी सर्वांसमक्ष फौजेच्या तळावरच्या साहेबांना शिंप्याबद्दल विचारलं.

"इथूनच नेला," ते म्हणाले. "आलाच नव्हता, हे आम्ही खोटं कळवलं."

"जिवंत आहे का, ते आधी सांगा," अक्का म्हणाली.

"आहे. तुरुंगात आहे."

अक्काने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

साहेबांवर खटला चालला. मंत्र्यांनी भर सभागृहात माफी मागितली. काही घरांत माणूस परतला नाही, पण खरं काय ते तरी कळलं. पुढे बंदुका थांबल्या आणि शिंपी सुटला. तो नाक्यावर आला तेव्हा शिपायाने मला वर उचललं.

"किती वाळलास रे," अक्का म्हणाली.

"आता माझेच कपडे आधी घट्ट करावे लागणार," तो म्हणाला आणि दोघं हसता हसता रडली.

त्याच आठवड्यात मला काढलं. आता मी गोदामामागे पडून असतो, गंजतोय, पण खरं सांगू, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मित्रांनो, माझी काळजी नका करू. रस्ता मोकळा राहील एवढं बघा. आणि कुणाला नेलं, तर कुठे नेलं, हे विचारायला घाबरू नका.