आतून पडलेली भिंत

द्रौपदाबाईंचा संशय एकदा कुणावर बसला की उठायचं नाव घेत नसे. अठ्ठ्याऐंशी साली तो सुनेवर बसला. बाईंचा नवरा पितांबर अचानक गेला आणि सोन्याच्या पुतळ्यांची माळ कुठे दडवलीय ते सांगायचं राहूनच गेलं. कोठीची सिमेंट-खडीची भिंत त्याने स्वतः ओतली होती. माळ तिच्यातच असणार, असं बाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं.

कोठीमागे रस्त्यासाठी टेकडी फोडणं चालू होतं. एका दुपारी बाई शेतातून आल्या, तर कोठीत भिंतीचा परातीएवढा थर गळून खाली पडलेला. घरात सून एकटीच.

“आत्याबाई, मी हात बी नही लावा,” सुनंदा म्हणाली. “सुरुंग उडना आन् हाई पडनं. भाईरथून दगड लागना व्हई.”

बाईंनी बाहेर जाऊन पाहिलं. भिंतीला सुपारीएवढा खड्डा, बस्स. आरपार भोकसुद्धा नाही. बाहेर एवढंसं आणि आत एवढं मोठं? आतून घण घातल्याशिवाय हे होतंय होय! मुलगा देवचंद जळगावला पाइपच्या कारखान्यात होता. रविवारी तो आला आणि आईच्या शब्दावर बायकोला धरणगावला माहेरी सोडून आला. सुनंदा रडली नाही, याचाही बाईंना संशय आला.

त्याच आठवड्यात बाई कोठीत तूर काढत होत्या. सुरुंग उडाला. समोर भिंतीचा धड राहिलेला भाग थरारला आणि त्याचा मोठा थर त्यांच्या पायाशी आदळला. त्या बाहेर धावल्या. भिंतीला नवा, छोटासा खड्डा होता आणि दगड अजून घरंगळत होता. दगड बाहेरच राहिला होता, पण त्याचा दणका भिंतीतून पलीकडे जाऊन आतली बाजू सोलून गेला होता.

पोर खरं बोलत होती आणि आपण तिला चोर ठरवलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

रविवारी देवचंद दारात आला तशा त्या म्हणाल्या, “सुनंदाले माहेरथून लई ये. तिनं खरं सांगं व्हतं. दगड भाईर लागस आन् भित आतून पडस. मी सोता देखं.”

देवचंदने कोठीत जाऊन दोन्ही जागा चाचपल्या. बाहेरचे खड्डे पाहिले. मग तो आईकडे वळला.

“मंग तुम्ही दोन्हीजनी मियीसन खोदत व्हत्यात का, माय?”

“मी हात बी नही लावा,” द्रौपदाबाई म्हणाल्या. सुनंदाचेच शब्द होते ते.